कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी व रोझेलची कार्पेंटरबाई



अमेरिका देशातील फिलाडेल्फिया शहरी इ. स. १८५० साली केवळ स्त्रियांस वैद्यकी शिकविण्याकरिता एक कॉलेज निघाले. स्त्रीने डॉक्टर व्हावे ही गोष्ट त्या काळी तिकडेही पुष्कळांस रुचत नसे. तरी त्या कॉलेजातून शिकून गेलेल्या बाया दूरदूरच्या देशांत रोग्यांची सेवा करीत राहिल्या. त्यांपैकी ज्या निवर्तल्या त्यांची पत्रे, छायाचित्रे व कागद कॉलेजाने टाकून दिले नाहीत. १९७० साली तेथे पुरुषांसही प्रवेश मिळू लागला व कालांतराने ते कॉलेज ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळून गेले. परंतु जुन्या विद्यार्थिनींचे ते दप्तर त्या विद्यापीठाने आजपर्यंत सांभाळले आहे. त्या दप्तरात आपल्या मराठी मुलुखातील एका मुलीचे नाव आहे. ते नाव कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी हे होय.

आनंदीबाईंचे नाव शाळेतील मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्याशी मिशनचा जो संबंध आला, तो आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाही. तो काही अंशी आपणांस मान खाली घालावयास लावणारा आहे व काही अंशी धीर देणाराही आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथील जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. घर ब्राह्मणाचे, एके काळी सुखवस्तू, पण पुढे उतरती कळा लागलेले. त्या काळच्या चालीप्रमाणे नवव्या वर्षी, म्हणजे १८७४ साली, तिचे लग्न गोपाळराव विनायक जोशी ह्यांच्याशी झाले. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, पोस्टखात्यात कारकून, बिजवर, व वयाने वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले.

गोपाळरावांस एकच ध्यास होता. बायकोस शिकवावयाचे, आणि लोक काय म्हणतील याची पर्वा करावयाची नाही. इतर घरांतून सुनेने पुस्तक हाती घेतले तर बोलणी खावी लागत. ह्या घरी पुस्तक सोडून ती चुलीपाशी दिसली तर मार बसे. गोपाळरावांचा हेतू चांगला असला तरी रीत पुष्कळदा निष्ठुर होती, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. पुढे परदेशी असता आनंदीबाईंनी आपल्या नवऱ्यास पत्रातून त्या दिवसांची आठवण करून दिली आणि त्याबरोबरच विद्येबद्दल त्यांचे उपकारही मानले. ज्या हाताने मारले त्याच हाताने वाट दाखविली, अशी ही गोष्ट होती.

पोस्टाच्या नोकरीत बदल्या फार. नवराबायको अलिबागेस राहिली, कोल्हापुरास राहिली, मुंबईस व कच्छात भूजला राहिली, आणि शेवटी बंगाल्यात गेली. आनंदीबाई चौदा वर्षांच्या असता त्यांस मुलगा झाला. ते मूल दहा दिवस जगले. बाळंतपणात बाईच्या जवळ जाऊन तिचे दुखणे समजून घेईल अशी शिकलेली स्त्री त्या काळी मिळत नसे, आणि परक्या पुरुषापुढे आपले दुखणे सांगणे कुलीन बाईस मरणाहून कठीण वाटे. ह्या दुःखातून आनंदीबाईंच्या मनात एक विचार उभा राहिला: आपण स्वतः डॉक्टर व्हावे व आपल्या देशभगिनींस औषधपाणी करावे.

आता कोल्हापूरची गोष्ट. आपल्या पलूस भागातील माणसास कोल्हापूर परके नाही. किर्लोस्करवाडीस गाडीत बसावे, मिरजेस बदलावे, की कोल्हापूर आले. तेथे १८५२ साली रे. रॉयल वाइल्डर ह्या अमेरिकन मिशनरी साहेबांनी मिशनची स्थापना केली. त्यांनी तेथे शाळा काढल्या व आयुष्याची उमेदीची वर्षे त्या कामात घातली. पुढे ते स्वदेशी परतले व प्रिन्स्टन गावी राहून मिशनकार्याविषयीचे एक मासिक चालवू लागले. गोपाळराव कोल्हापुरास असता त्यांचा तेथील मिशनरी मंडळीशी परिचय झाला. त्यांनी वाइल्डर साहेबांस अमेरिकेस पत्र लिहिले. आपली पत्नी शिकू इच्छिते, तिला अमेरिकेत आणावयाचा विचार आहे, आपणांस तिकडे काही पोटापुरता उद्योग मिळवून द्याल काय, अशी त्या पत्रातील विनंती होती.

साहेबांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा की, तुम्ही उभयतांनी ख्रिस्ताचा स्वीकार करावा. मग साहाय्याचे पाहता येईल. ही अट जोशी दंपत्यास मान्य नव्हती. तो विषय तेथेच संपला. साहेबांनी तो सारा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला.

वाइल्डर साहेबांस दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. त्यांच्या मनात लोभ नव्हता. जी वस्तू त्यांस सर्वांत मोलाची वाटे तीच ते देऊ पाहत होते. परंतु झाले ते असे की, लहान वयाची एक मुलगी विद्या मागावयास आपल्या दारी आली व दार उघडण्यापूर्वी तिला आत येण्याची किंमत सांगण्यात आली.

पण ते छापील पान वाया गेले नाही. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावची थिओडोशिया कार्पेंटर नावाची एक बाई दात दाखविण्यासाठी दंतवैद्याकडे गेली होती. आपली पाळी येईपर्यंत वेळ घालवावा म्हणून तिने तेथे पडलेले मासिक उचलले. तिच्या नजरेस गोपाळरावांचे पत्र व त्याखालचे उत्तर पडले. ती बाई कोणी श्रीमंत राणी नव्हती; साध्या घरची संसारी स्त्री होती. तिने घरी जाऊन हिंदुस्थानातील त्या अनोळखी मुलीस पत्र लिहिले, आणि त्यात साहाय्याचे आश्वासन दिले. अट कोणतीच घातली नाही.

त्या दिवसापासून पत्रांची ये-जा सुरू झाली. आनंदीबाई तिला मावशी मानू लागल्या. घरातील चालीरीती, सणवार, दुखणीबाणी, धर्मासंबंधी मनात येणारे प्रश्न, सारे त्या पत्रांतून लिहीत. कलकत्त्याकडे राहत असता आनंदीबाईंची प्रकृती बिघडली. डोके दुखे, ताप येई, अशक्तता फार. कार्पेंटरबाईने अमेरिकेहून औषधे पाठविली. दोन बायका, एकीने दुसरीचे तोंड पाहिलेले नाही, धर्म निराळा, भाषा निराळी. आणि सातासमुद्रांपलीकडून औषधाची पुडकी येत आहेत! शेजारधर्म म्हणजे काय हे येशूने शोमरोन्याच्या दाखल्यात शिकविले आहे, ते ह्याहून निराळे काय असणार?

त्या वेळी हिंदुस्थानात स्त्रियांस डॉक्टरी शिकण्याची सोय फार थोडी होती. मद्रासच्या मेडिकल कॉलेजाने १८७५ पासून स्त्रियांस घेण्यास आरंभ केला होता, पण एकट्या हिंदू बाईने परक्या शहरी राहून तेथे शिकणे सोपे नव्हते. शेवटी आनंदीबाईंनी अमेरिकेस जावे, आणि गोपाळरावांस रजा व पैका दोन्ही नसल्यामुळे एकट्यानेच जावे, असे ठरले. ही बातमी पसरताच मोठा गवगवा झाला. हिंदू म्हणत, ही बाटणार. काही ख्रिस्ती मंडळीही म्हणत, बाटल्यावाचून हिने जाऊ नये.

तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारी महिन्यात आनंदीबाईंनी बंगाल्यातील श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात भर सभेत इंग्रजीतून भाषण केले. वय अठरासुद्धा पूर्ण नव्हते. लोक त्यांस जे जे प्रश्न विचारीत ते त्यांनी एकेक घेतले: अमेरिकेसच का जावयाचे, हिंदुस्थानात सोय नाही काय, एकटीने का जावयाचे, परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय करणार, परदेशी संकट आले तर काय, आणि आजवर कोणी बाईने केले नाही ते आपणच का करावे. प्रत्येकाचे शांतपणे उत्तर दिले. आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

ते कॉलेज कोणाचे हे येथे ध्यानात आणावे. मराठीत शुभवर्तमान प्रथम ज्यांनी छापून दिले त्या केरी साहेबांनी, मार्शमन व वॉर्ड ह्यांच्यासह, १८१८ साली ते स्थापिले. ख्रिस्ती मिशनच्या त्या छपराखाली एका हिंदू मुलीस आपला निश्चय निर्भयपणे सांगता आला. त्यामुळे मिशनची अप्रतिष्ठा झाली नाही. उलट त्या घराचे नाव तिच्या चरित्रात आदराने राहिले.

अंगावरचे दागिने विकून व कळवळ्याच्या लोकांनी दिलेल्या वर्गणीतून भाड्याची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई ओळखीच्या परदेशी बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून आगबोटीत चढल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटरबाई वाट पाहत उभी होती. उन्हाळा तिच्याच घरी गेला. त्या घरात आनंदीबाई लुगडे नेसत, कुंकू लावीत, शाकाहार करीत. कोणी त्यांस ते सोडावयास सांगितले नाही.

फिलाडेल्फियाच्या कॉलेजच्या मुख्य अधिकारी डॉ. रेचल बॉडली ह्या होत्या. त्यांनी आनंदीबाईंस तीन वर्षांची सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळवून दिली. ऑक्टोबर १८८३ पासून अभ्यास सुरू झाला. थंडी कडक, अन्न अपुरे, राहण्याची खोली धुराची, आणि प्रकृती मूळचीच नाजूक. त्या वारंवार आजारी पडत, तरी अभ्यास सोडला नाही. १८८५ सालच्या ऑक्टोबरात काढलेले त्या कॉलेजचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आपापल्या देशाच्या पोशाखात तीन विद्यार्थिनी बसल्या आहेत: हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लांबुली. पुढे ओकामीबाई १८८९ साली व इस्लांबुलीबाई १८९० साली उत्तीर्ण झाल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस डॉक्टरीची पदवी मिळाली. आर्य हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या दुःखातून त्या निघाल्या त्याच दुःखावर त्यांनी अभ्यास केला. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली ह्याही डॉक्टर झाल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. पदवीदानाच्या समारंभास गोपाळराव हजर होते. इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही हजर होत्या. रमाबाई व आनंदीबाई नात्यातल्या. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता, आनंदीबाई हिंदू राहिल्या होत्या. तरी एकीच्या आनंदात दुसरीचा आनंद होता. त्या भेटीतूनच रमाबाईंच्या अमेरिकेतील कार्याचा आरंभ झाला, व पुढे शारदासदन व केडगावचे मुक्तिसदन ह्या संस्था उभ्या राहिल्या. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले, त्यास प्रस्तावना डॉ. बॉडली ह्यांचीच आहे.

ह्याच सुमारास कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंस बोलावणे पाठविले. तेथील अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील, म्हणजे आपण ज्यास आता सीपीआर दवाखाना म्हणतो त्यातील, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. ज्या कोल्हापुरातून मिशनकडे साहाय्य मागितले होते त्याच कोल्हापुरास डॉक्टर होऊन जावयाचे होते.

पण क्षयाने शरीर पोखरले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या त्या आजारीच. ज्यांनी वाळीत टाकण्याची भाषा केली होती त्यांतील पुष्कळांनी आता त्यांचा सन्मान केला. परंतु सन्मानाने क्षय बरा होत नाही. पुण्यास औषधोपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई निवर्तल्या. बावीस वर्षे पूर्ण व्हावयास एक महिना राहिला होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांचे पाऊल पडले नाही. एकाही रोगी बाईची नाडी त्यांनी तेथे पाहिली नाही.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी रोझेलला कार्पेंटरबाईकडे पाठविल्या. बाईने त्या न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत पुरल्या व वर दगड बसविला. विद्येसाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी तिची ओळख त्या दगडावर आहे. पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल ह्या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजीत चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर ह्यांनी लिहिले. अशा रीतीने घरच्या, परक्या, हिंदू, ख्रिस्ती बायांनी मिळून तिचे नाव राखले.

बंधुभगिनींनो, ज्या घराण्याच्या कबरींत ह्या अस्थी आहेत ते ख्रिस्ती घराणे होते. तिच्या जिवंतपणी कार्पेंटरबाईने अट घातली नाही, आणि मेल्यावरही तिला आपल्यातून बाहेर ठेवले नाही. वाइल्डर साहेबांचे उत्तर व कार्पेंटरबाईचे पत्र ही दोन्ही एकाच मासिकाच्या एकाच पानातून निघाली. एकाने तिला ख्रिस्ताविषयी सांगितले. दुसरीने ख्रिस्ताने सांगितले तसे केले. आनंदीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. म्हणून कार्पेंटरबाईचे करणे व्यर्थ गेले असे कोणी म्हणेल काय? येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले व एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे कोड काही परत आले नाही.

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस हे विशेष कळावे. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांस पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही. कित्येकांस बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीने वाळीत टाकले. किंमत दिल्यावाचून पाणी नाही, ही गोष्ट कशी लागते ते आपणांस ठाऊक आहे. तर मग शेजारी दुखणे आले असता आपण औषध घेऊन जातो की आधी प्रश्न घेऊन जातो? मंडळीच्या शाळेत, वसतिगृहात, धान्याच्या वाटपात, उपदेशकाच्या मनात हा माणूस आपला होईल काय असा हिशेब असतो की नाही? उपदेश अवश्य करावा, विश्वास लपवू नये. परंतु साहाय्य ही उपदेशाची किंमत होऊ नये आणि उपदेश ही साहाय्याची अट होऊ नये.

आपल्या मिशनने ही गोष्ट पुढे पुष्कळ ठिकाणी आचरून दाखविली. मिरजेस वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना उघडला, तेथे सर्व जातिधर्मांचे रोगी एका छपराखाली बरे झाले. फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजातून १८९२ साली डॉ. गुरुबाई करमरकर ह्या आपल्याच ख्रिस्ती भगिनी उत्तीर्ण झाल्या. आनंदीबाईंस जे आयुष्य लाभले नाही ते त्यांस लाभले. १८९३ साली परत येऊन त्यांनी अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत तेवीस वर्षे रोग्यांची सेवा केली, आणि समाजाने दूर लोटलेल्यांकडे त्यांचे लक्ष विशेष असे. आनंदीबाईंनी मोडलेली वाट अशा रीतीने दुसरीच्या पायांनी पुढे गेली.

आणखी एक सुचवावेसे वाटते. परदेशच्या एका कॉलेजाने आपल्या दिवंगत मुलींचे कागद शंभर वर्षांवर सांभाळले. आपल्या मंडळीतून शिकून गेलेल्या मास्तरीणबाई, नर्सबाई, बायबलबाई, ज्या पावसापाण्यात गावोगाव चालत गेल्या व आता प्रभूपाशी आहेत, त्यांची नावे आपल्या वहीत आहेत काय? कोठे शिकल्या, कोणत्या साली आल्या, कोणाची बाळंतपणे केली, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून गावात आहेत. उपदेशकांनी ह्या आठवड्यात वही व शाई घेऊन त्यांच्या ओसरीवर बसावे. लिहिताना ख्रिस्ती घरच्या बायांचीच तेवढी नावे लिहू नयेत. ज्या परधर्मी सुइणीने, मास्तरणीने, शेजारणीने आपल्या अडचणीच्या वेळी दार उघडले तिचेही नाव त्याच वहीत लिहावे, म्हणजे पोकीप्सीच्या त्या दगडाचे ऋण काही अंशी फिटेल.